तेलावीचं घर: बांधायचं की तयार घ्यायचं?

दीड वर्ष आमच्या घरात जेवताना, दुकानात, गाडीत एकच विषय होता, जॉर्जियात सुट्टीचं घर बांधायचं की तयार घ्यायचं. लातूरात कुणाला सांगितलं की आधी अमेरिकेतलं जॉर्जिया समजतात म्हणून सांगून ठेवते, हा तुर्कस्तान आणि रशियाच्या मधला, काकेशस डोंगराच्या कुशीतला छोटा देश, राजधानी तिबिलिसी. आमची थोरली तिथं एमबीबीएस करते, सहा वर्षांचा कोर्स आहे. नीटच्या क्लासमुळं आपल्या लातूरातून पोरं कुठं कुठं जातात, त्यातली बरीच तिकडं पण आहेत, त्यामुळं तो देश आम्हाला नकाशावरचा राहिलेला नव्हता.

घराचा विचार मात्र थोरलीमुळं नाही, धाकट्या भाऊजींमुळं सुरू झाला. ते जर्मनीत असतात, वीस वर्षं झाली. त्यांच्या मुलांना मे महिन्यात इकडं 42 डिग्रीत आणलं की ती पोरं आठ दिवसांत आजारी पडतात, हे तीनदा झालं. सासूबाईंना आता जर्मनीचा एवढा लांबचा प्रवास झेपत नाही. मग भाऊजीच एकदा फोनवर म्हणले, वहिनी, मधे कुठंतरी आपलं एक घर असावं, जिथं आई महिनाभर राहील आणि आपण सगळे येऊन जाऊन करू. साधी गोष्ट होती ती, पण माझ्या मनात बसली.

जुलै 2024 मध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो. तिबिलिसीहून काखेती म्हणून पूर्वेकडचा भाग आहे तिकडं थोरलीनं नेलं, गोंबोरीचा घाट उतरलं की खाली अलाझानी नदीचं सपाट खोरं आणि पलीकडं जुलैमध्येसुद्धा माथ्यावर कुठंकुठं बर्फ असलेला काकेशस. सगळीकडं द्राक्षाच्या बागा. आमच्या ह्यांचं मूळ गाव औशाकडचं, चुलतभावाची द्राक्षबाग आहे, त्यामुळं ते गाडी थांबवून थांबवून वेली बघत होते. तेलावी नावाचं गाव लागलं, तालुक्याएवढं, दवाखाना आहे, बाजार आहे, मधोमध एक चिनाराचं शेकडो वर्षांचं झाड आहे. तिथं एका बाईनं जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीच्या आतल्या कडेला वाकून पिठाचा लांबट गोळा थापला आणि पाच-सात मिनिटांत खरपूस रोटी सळईनं काढून आमच्या हातात दिली. तंदूरच तो, ते लोक तोने म्हणतात. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, म्हणल्या, आपल्यावानीच हाय की गं सगळं. आणि एक गंमत वाटली, त्यांच्या भाषेत मामा म्हणजे वडील, आणि नाना हे बाईचं नाव.

आल्यावर तीन जणांची तीन मतं झाली. भाऊजी म्हणायचे जागा घेऊन आपल्या मनासारखं बांधू, आईसाठी सगळं तळमजल्यावर, दोन भावांच्या दोन खोल्या, मधे मोठी ओसरी. ह्यांचं म्हणणं काळ्या समुद्रावर बाटुमीला फ्लॅट घ्यावा, तिथं टॉवरच्या टॉवर उभे राहायलेत, कुलूप लावलं की मोकळं. मी सुरुवातीला भाऊजींच्या बाजूची होते, आणि त्याचं कारण मला माहीत होतं, ते पुढं सांगते.

आधी बाटुमी. तिथले भाव ऐकायला सोपे वाटतात, पण तो भाव कशाचा आहे हे आधी विचारायला लागतं. जॉर्जियात नवा फ्लॅट तीन-चार अवस्थांत विकतात. ब्लॅक फ्रेम म्हणजे सांगाडा, भिंती, खिडक्या आणि बाहेरचा दरवाजा, आत उघडं काँक्रीट. व्हाइट फ्रेम म्हणजे प्लास्टर झालेलं, वायर आणि पाइप फिरवलेले, पण फरशी नाही, रंग नाही, बाथरूममध्ये काही बसवलेलं नाही. ग्रीन फ्रेम त्याच्या एक पायरी पुढं. आणि मग पूर्ण तयार. ज्या आकड्यावर हे खूश होते तो ब्लॅक फ्रेमचा होता, आणि एकाची व्हाइट फ्रेम दुसऱ्या बिल्डरच्या व्हाइट फ्रेमसारखी असेलच असं नाही, करारात काय काय बसवून देणार ते ओळ न ओळ लिहून घ्यावं लागतं.

आम्ही एक तयार फ्लॅटपण पाहिला, नवव्या मजल्यावर, समोर समुद्र, बघताक्षणी कुणालाही आवडेल असा. तो सहा-सात महिने बंद होता. आत गेल्यागेल्या मला वास आला, पावसाळ्यात पेटीतल्या गोधड्यांना येतो तसा. बेडच्या मागं भिंतीवर हात फिरवला तर बोटाला काळं लागलं, आणि कपाटाच्या मागं तर हाताएवढा बुरशीचा पट्टा. बाटुमीत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडं सात-आठशे पडला की वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. वर्षातून महिना-दीड महिना उघडायचं घर असल्या हवेत बंद ठेवणं म्हणजे दरवेळी सुट्टीतले पहिले आठ दिवस धुण्या-पुसण्यात घालवायचे. ह्यांना मी काही म्हणले नाही, फक्त बोट दाखवलं.

तिथल्या एका एजंटचा अनुभव सांगून ठेवते कारण तो आपल्या लोकांच्या उपयोगाचा आहे. त्यानं आज संध्याकाळपर्यंत बुकिंग केलं तरच हा भाव म्हणून मागं लागून धरलं. थोरलीनं त्याला मालमत्तेचा नोंदणी उतारा मागितला. जॉर्जियात पब्लिक रजिस्ट्रीचा उतारा ऑनलाइन कुणालाही बघता येतो, मालक कोण, कर्ज किंवा बोजा आहे का, जमीन कुठल्या प्रकारची, सगळं त्यावर असतं, आपल्या सातबाऱ्यासारखंच. त्याचा नंबर तो देईना. वर म्हणाला पैसे बँकेतून पाठवायची काय गरज, दुबईत माझा माणूस आहे, तुम्ही लातूरात रोख द्या. आम्ही तिथून उठलो. आडत दुकानात तीस वर्षं हिशोब लिहितेय मी, ज्या पैशाची पावती नाही तो आपला पैसा नाही.

मग सिघनाघी. हे डोंगराच्या धारेवरचं जुनं गाव आहे, अठराव्या शतकात एरेक्ले दुसरा राजानं बांधलेला तट अजून उभा आहे, लाकडी कोरीव सज्जे, लाल कौलं, खाली अख्खं खोरं. एक जुनं घर विकायला होतं, दुरुस्ती करून राहता येईल म्हणले. भाऊजी त्या वेळी आमच्यासोबत होते, ते तर गेटातच प्रेमात पडले. मी आत गेले आणि मागच्या भिंतीपाशी थांबले. नदीतले गोल गोटे, मधे मधे विटेचे थर, दिसायला फार सुंदर, काखेतीत जुनी बांधणी अशीच असते. एका कोपऱ्यात प्लास्टर पडलं होतं. मी किल्लीनं दोन गोट्यांच्या मधलं टोकरलं तर माती भुरूभुरू खाली आली, चुना नाही, सिमेंट नाही, नुसती माती. भिंत दोन फुटांवर जाड. वरती जड छप्पर.

माझं माहेर सास्तूरकडचं. 30 सप्टेंबर 1993 ला मी एकोणीस वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर माळवदाचं, भिंती अशाच जाड, बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधे माती आणि चिपा भरलेल्या, आणि दोन्ही थर धरून ठेवणारा आरपार दगड एकपण नाही. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचं मातीचं ओझं खाली येतं. आजी आतल्या खोलीत होती. मी आणि आई अंगणात झोपलो होतो म्हणून हे लिहितेय. नंतर पुनर्वसनात इंजिनियर लोक आले, त्यांनी गावागावात दाखवलं की दगडाची भिंतसुद्धा टिकते पण आरपार दगड घाला, दारं-खिडक्यांच्या वरून घराला चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा बांधा. वडील पुढं जाऊन कुठल्याही पाहुण्याच्या घरी गेले की आधी दारावर मान वर करून पट्टा आहे का बघायचे. ती सवय मला लागली ती कायमची.

आणि काकेशस हा भूकंपाचाच पट्टा आहे. 1991 मध्ये जॉर्जियाच्या राचा भागात 7.0 चा धक्का झाला, त्याआधी 1988 मध्ये शेजारच्या आर्मेनियात स्पिताक गाव उद्ध्वस्त झालं, 2002 मध्ये खुद्द तिबिलिसीत घरं पडली. म्हणून मी भाऊजींच्या बाजूची होते, बांधायचं तर आपण आपल्या डोळ्यांदेखत पट्टे घालून बांधू, दुसऱ्यानं मातीत काय लपवलंय ते कशाला विकत घ्यायचं. सिघनाघीच्या घराला मी तिथंच नाही म्हणले. भाऊजींना वाईट वाटलं, त्यांनी कारण विचारलं नाही, त्यांना माहीत आहे.

मग जागा बघायला सुरुवात झाली, 2025 च्या मे मध्ये, आणि तिथं वेगळंच शिकायला मिळालं. जॉर्जियाच्या घटनेनुसार शेतजमीन परदेशी माणसाला घेता येत नाही, 2018 पासून हे पक्कं झालंय. घर, फ्लॅट, बिगरशेती जागा घेता येते, ती पण पूर्ण मालकीनं. आता अडचण अशी की खेड्यात घराभोवतीचं अंगण आणि परसबागसुद्धा बऱ्याचदा उताऱ्यावर शेतजमीन म्हणूनच असते. म्हणजे समोर घर दिसतंय, मालक दाखवतोय, भाव ठरलाय, पण कागदावर जागा शेतीची असेल तर आपल्या नावावर होणारच नाही. आपल्याकडं एनए न झालेला प्लॉट गुंठेवारीवर घेऊन लोक कसे अडकतात ते लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठंही बघा. ह्यांना हे एका मिनिटात समजलं. आमचा नियम मग एकच झाला, प्रकार बदलायचा तो विकणाऱ्यानं, त्याच्या नावावर असताना, त्याच्या खर्चानं, आणि नवा उतारा हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. दोन जागा ह्याच कारणानं सोडल्या.

तिसरी जागा बिगरशेती होती, तेलावीपासून सहा-सात किलोमीटर, उतारावर, समोर डोंगर. सगळ्यांना पसंत. मी विचारलं पाणी कुठून येतं? मालक म्हणाला गावाचा नळ आहे, उन्हाळ्यात दिवसाआड तास-दोन तास येतो, नाहीतर बोअर घ्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आम्ही स्टेशनला जाऊन ती गाडी बघून आलो होतो, हे त्याला सांगून काय उपयोग, पण माझ्या तोंडातून पहिला प्रश्न तोच निघणार. बोअर किती खोल, वीज किती फेजची, रस्ता बर्फात साफ होतो का, विचारत गेलो तसा खर्च वाढत गेला.

तरी भाऊजींनी एका ठेकेदाराकडून कोटेशन आणलंच. ते घेऊन आम्ही तिघं थोरलीच्या खोलीवर बसलो, आणि त्या रात्रीच माझं मत फिरलं. आमचं लातूरचं घर 2009 मध्ये बांधलं. ह्यांना हंगामात दुकान सोडता येत नव्हतं म्हणून साइटवर मी असायचे. स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून उभी होते, सेंट्रिंगवाल्यानं एका बीमला रिंगा लांब लांब टाकल्या होत्या त्या मी मोजून काढायला लावल्या, मिक्सरमध्ये पाणी जास्त ओतत होते ते थांबवलं, आणि पुढं पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप धरून पाणी मारलं. हे सगळं दहा मिनिटांच्या अंतरावर राहून. तेलावीत कोण उभं राहणार? थोरलीची परीक्षा, भाऊजींना वर्षाची मोजून तीस दिवस सुट्टी, आमचं सोयाबीनच्या आवकेच्या वेळी दुकान. ठेकेदार रोज फोटो पाठवीन म्हणाला. पण रिंगा किती अंतरावर बांधल्या ते फोटोत दिसतं, काँक्रीटात पाणी किती घातलं ते दिसत नाही. भूकंपाला भिऊन बांधायला निघालो होतो, आणि जे बांधलं जाणार ते न बघितलेलंच असणार होतं. मी भाऊजींना एवढंच म्हणले, बांधलेलं घर तपासता तरी येतं. ते बराच वेळ कोटेशनकडं बघत बसले, मग म्हणले, बरं वहिनी.

पैशांचं पण तिकडंच बोट होतं. आमच्या सीए साहेबांनी वही काढून समजावलं ते इथं लिहिते. भारतात राहणारा माणूस एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशात पैसे पाठवायच्या योजनेखाली, वर्षाला, म्हणजे एप्रिल ते मार्च, अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो, त्यात परदेशात घर घेणं बसतं. ह्यासाठी भारतातल्या बँकेचं कर्ज चालत नाही, स्वतःचाच पैसा पाहिजे. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करायची तर दोघं मालक पाहिजेत. पाठवलेले पैसे 180 दिवसांत वापरले नाहीत तर परत आणायला लागतात. आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक कराची म्हणून आधीच कापून घेते ती रक्कम, 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत नाही, त्याच्या वरच्या रकमेवर 20 टक्के. आमचा हिशोब 50 हजार डॉलरचा धरला होता, 86 च्या भावानं 43 लाख. एकट्या ह्यांच्या नावानं पाठवले असते तर 33 लाखांवर 20 टक्के म्हणजे 6 लाख 60 हजार बँकेनं आधी कापून घेतले असते. दोघांनी साडेएकवीस-साडेएकवीस लाख पाठवले तर प्रत्येकी साडेअकरा लाखांवर, म्हणजे मिळून 4 लाख 60 हजार. हा काही वेगळा टॅक्स नाही, रिटर्न भरताना वळता होतो नाहीतर परत मिळतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते, आणि सोयाबीनच्या हंगामात आडत्याकडं दोन लाख हातात असणं म्हणजे काय ते आडत्याच्या बायकोलाच विचारा. माझं फर्मच्या भागीदारीचं उत्पन्न वेगळं आहे, रिटर्न वेगळं आहे, म्हणून हे जमलं.

एक धक्का मात्र बसला. औसा रोडवरचा आमचा एक प्लॉट विकून हे पैसे उभे करायचे होते. मला वाटत होतं प्लॉट विकून घर घेतलं की कॅपिटल गेनची सूट मिळते, 54 एफ म्हणतात ती. मिळते, पण घर भारतात असेल तरच, 2014 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे प्लॉटच्या नफ्यावर पूर्ण टॅक्स भरून उरेल ते तिकडं न्यायचं. आम्ही तो भरला. ज्यांच्या मनात असा विचार असेल त्यांनी प्लॉटची इसारपावती करायच्या आधी हा आकडा काढून घ्यावा, नंतर काढला की बजेट मोडतं.

आणि बांधायचं ठरवलं असतं तर दोन वर्षं टप्प्याटप्प्यानं डॉलर पाठवावे लागले असते, दरवेळी नवा भाव. डॉलर कुठं जातोय ते सगळ्यांना दिसतंय. तयार घराला एकदाच भाव लागतो.

शेवटी घेतलं ते नाना नावाच्या बाईचं घर, ते असं सापडलं की थोरलीच्या घरमालकिणीची ती मावसबहीण. तेलावी गावातच, वरच्या आळीला, बैठं घर, तीन खोल्या, पुढं ओटा आणि त्यावर लोखंडी मांडवावर चढवलेली द्राक्षाची वेल. नाना इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाते, पंधरा वर्षं झाली, त्या भागातल्या कितीतरी बाया अशाच इटली-ग्रीसला आहेत. पाठवलेल्या पैशातून तिच्या नवऱ्यानं 2011 ते 2014 थोडं थोडं करत हे घर बांधलं, मुलगा राहील म्हणून. मुलगा पोलंडला गेला तो तिकडचाच झाला. तिच्या नवऱ्याकडं एक वही आणि फोटोंचं पाकीट होतं. पायाचा खड्डा, कॉलमची सळई, पट्ट्याची सळई कोपऱ्यात वळवून बांधलेली, प्रत्येक टप्प्याचा फोटो, बायकोला इटलीत दाखवायला काढलेले. तिच्या पैशाचं काय झालं ते तिला कळावं म्हणून. मी ते फोटो ओट्यावर पसरून एकेक करून बघितले, आणि मान वर करून दारावरचा पट्टा बघितला. होता, चारही बाजूंनी.

नुसत्या फोटोंवर विश्वास ठेवला नाही. तिबिलिसीहून एक स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावला. त्यानं भिंतीवर सळई शोधायचं यंत्र फिरवलं, कॉलमवर हातोडीनं ठोकून बघितलं, छताच्या लाकडात स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघितला, शेजारच्या उतारावरून पाणी पायाकडं येतं का ते बघायला अंगणात बादल्या ओतल्या. दोन दोष निघाले. मागची भिंत ओल धरत होती कारण पन्हाळ तुटलेली होती, आणि स्वयंपाकघराची वाढवलेली खोली मूळ सांगाड्याला जोडलेली नव्हती, ती नंतर नुसती टेकवलेली. ती खोली पाडून परत करायची किंवा फक्त सामानाला वापरायची असं त्यानं लिहून दिलं. त्यावर भाव थोडा उतरला. नानाच्या नवऱ्यानं कुरकुर केली नाही, म्हणाला ती खोली मी एकट्यानं बांधली, घाईत.

उताऱ्यावर अंगण शेतजमीन होतं, ते त्यांनी आधी बदलून घेतलं, आम्ही थांबलो. सप्टेंबर 2025 मध्ये दोघांच्या खात्यातून पैसे तिथल्या आमच्याच खात्यात पाठवले, बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म, पॅन, कराराची प्रत, शाखेतल्या पोरानं असला व्यवहार पहिल्यांदाच बघितला होता त्यामुळं त्याला दोन दिवस लागले. तेलावीच्या पब्लिक सर्व्हिस हॉलमध्ये करारावर सह्या झाल्या, आम्हाला जॉर्जियन येत नाही म्हणून दुभाष्या सोबत लागतो. नेहमीच्या फीत चार कामाच्या दिवसांत नोंद होते, जादा फी भरली तर त्याच दिवशी, आम्ही जादा भरली. खरेदीवर स्टॅम्प ड्युटीसारखं काही नाही, हे ह्यांना दुभाष्याकडून तीनदा विचारून घ्यावं लागलं. उतारा आला, त्यावर आमची दोघांची नावं जॉर्जियन गोल गोल अक्षरांत, थोरलीनं बोट ठेवून वाचून दाखवली.

घर घेतलं म्हणून व्हिसा लागत नाही असं नाही, तो काढायचाच. आणि इकडं इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात, हे घर दरवर्षी दाखवायचं, भाडं येवो न येवो. ते लपवलं किंवा विसरलं तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. सीए साहेबांनी हे सांगताना आवाज चढवला होता म्हणून मी पण जोरात सांगते.

माझी आई आता सत्याहत्तर वर्षांची आहे, पुनर्वसनाच्या घरात राहते. तिला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं तर ओटा बघितला, वेल बघितली, मग म्हणाली, झोपायची खोली दाखव, दार कोणीकडं उघडतंय? बाहेरच्या बाजूला उघडतंय म्हणल्यावर म्हणाली बरं हाय, दारापुढं काही ठेवू नका. पलंग मी भिंतीपासून लांब, दाराजवळ लावून घेतलाय.

हिवाळ्यात तिकडं पाणी गोठतं, त्यामुळं निघताना मेन कॉक बंद करून सगळ्या पाइपांतलं पाणी काढून टाकायचं असतं, नाहीतर पाइप फुटतात. ते काम आणि किल्ली नानाच्या नवऱ्याकडंच आहे, तो दोन गल्ल्या सोडून राहतो. पन्हाळ बसवून झाली. टाकी हजार लिटरची टाकायची का दोन हजारची ह्यावर अजून बोलणं चालू आहे, मी दोन हजारवर अडलेय. आणि वेलीचं राहिलंय. आपल्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळाची छाटणी, दोन छाटण्या, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं. तिकडं वेल थंडीत झोपते, पानं गळून नुसती लाकडं राहतात, आणि वर्षातून एकदाच, हिवाळा सरताना छाटायची. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर नानाचा नवरा हातात कात्री घेऊन उभा होता, ह्यांनी औशाच्या चुलतभावाला दुकानात बोलावून ठेवलेलं, थोरली मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती, आणि किती डोळे, म्हणजे कोंब, ठेवून काडी कापायची ह्यावर एक तास झाला तरी ठरेना. शेवटी त्यानं अर्धी वेल त्याच्या पद्धतीनं आणि अर्धी चुलतभाऊ म्हणेल तशी छाटलीय, मधे लाल सुतळी बांधून ठेवलीय.